दुःखाचं कारण सांगणाऱ्यांना खुलं पत्र

सर्व प्रवचनकार, कीर्तनकार, फादर, मौलवी, आणि एखाद्या घरावर आभाळ कोसळलं की समजूत घालायला ज्यांना बोलावलं जातं त्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी परिचारिका आहे. नोकरीची बहुतेक वर्षं लहान मुलांच्या कर्करोग विभागात गेली. माझी देवावर श्रद्धा आहे आणि हे पत्र त्या श्रद्धेपोटीच लिहिते आहे. तुम्हाला लिहिण्याचं कारण एवढंच की तुमचं बोलणं लोकांच्या मनात राहतं. डॉक्टरांनी समजावून सांगितलेलं आईबाप निम्मं विसरतात, पुन्हा पुन्हा विचारायला येतात. पण मूल आजारी असताना धर्माच्या अधिकाराने कुणी एक वाक्य बोलून गेलं, तर ते वाक्य ती माणसं जन्मभर विसरत नाहीत. ते वाक्य कोणतं असावं, याबद्दल मला तुमच्याशी मोकळेपणाने बोलायचं आहे.

ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, उपचारात मुलाच्या पाठीतलं पाणी तपासायला काढतात आणि त्याच सुईतून औषध सोडतात. मुलाला कुशीवर घेऊन गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी अशी मुटकुळी करून धरावं लागतं. पाठीला बाक आला की मणक्यांमधली फट उघडते आणि सुई नीट जाते. भूल दिलेली असली तर निभतं. नाहीतर चार-पाच वर्षांचं पोर सगळी ताकद लावून हात झिडकारत असतं आणि आपण त्याला दाबून धरलेलं असतं. आई त्याच्या डोक्याशी उभी असते, कारण त्याला ती दिसायला हवी असते. एकदा सगळं आटोपल्यावर, मूल रडून रडून झोपी गेल्यावर, एका आईने मला बाजूला घेऊन विचारलं, "सिस्टर, आईच्या पापाची फेड मुलाला करावी लागते, हे खरं का हो?" तिला तसं सांगण्यात आलं होतं, आणि सांगणारी व्यक्ती तिच्या घरात पूज्य होती. मग तिने मला आपली यादीच ऐकवली. सासूला एकदा उलट बोलले होते. बहिणीला अडीनडीला पैसे दिले नव्हते. आणि सगळ्यात शेवटी, मान खाली घालून: दिवस गेल्याचं कळलं तेव्हा 'आत्ताच नको होतं' असं एकदा मनात येऊन गेलं होतं.

त्या मुलाच्या शरीरात खरं काय झालं होतं, तर हाडांमधल्या मगजात रक्तपेशी तयार होत असताना एका पेशीच्या डीएनएत बिघाड झाला आणि ती बेबंद वाढत सुटली. असं का झालं याचं बहुतेक मुलांच्या बाबतीत आईबापांच्या वागण्यात बोट ठेवता येईल असं कारण सापडत नाही. 1948 मध्ये सिडनी फार्बर या अमेरिकन डॉक्टरांनी अमिनोप्टेरिन या औषधाने काही मुलांचा आजार थोड्या काळापुरता का होईना मागे हटवून दाखवला. 1960च्या सुमारासही दहांतलं एखादंच मूल तगायचं. आज जिथे चांगल्या सोयी आहेत तिथे दहांतली जवळजवळ नऊ वाचतात. या काळात आईबापांच्या पापपुण्याचा हिशेब बदलला, असं तुमच्यापैकीही कुणी म्हणणार नाही. औषधं सापडत गेली, ती कशी आणि किती काळ द्यायची हे कळत गेलं.

पण त्या आईचा प्रश्न रक्तपेशींचा नव्हता, हे मला कळतं. आजार कसा झाला हे डॉक्टर सांगू शकतात. प्रेमळ देवाने तो होऊ का दिला, हे विचारायला माणूस तुमच्याकडे येतो. प्रश्न फार जुना आहे. देवाला दुःख थांबवायचं आहे पण जमत नाही, तर तो सर्वशक्तिमान कसा? जमतं पण थांबवायचं नाही, तर तो दयाळू कसा? ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या नावाने हा पेच दोन हजार वर्षांहून अधिक काळ चालत आलेला आहे. आपल्याकडे ब्रह्मसूत्रांनीही तो टाळलेला नाही. दुसऱ्या अध्यायात ईश्वरावर चक्क दोन आरोप ठेवले आहेत, वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयता. उत्तर दिलं आहे ते असं की सृष्टीतली विषमता जीवांच्या कर्मानुसार असते. पहिल्या सृष्टीआधी कुठलं कर्म होतं, अशी शंकाही पुढच्याच सूत्रात घेतली आहे आणि संसार अनादी आहे असं तिचं समाधान केलं आहे. प्रश्न इतक्या निर्भयपणे विचारला गेला याचा मला अभिमान वाटतो.

तरी एक गोष्ट लक्षात घ्या. त्या सूत्रांचा हेतू ईश्वरावरचा आरोप दूर करणं हा आहे. खाटेवरच्या लेकराला आरोपी करा, असं त्यात कुठेही सांगितलेलं नाही. कोणत्या जन्मातलं कोणतं कर्म, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ठाऊक नसताना तो बोलतो, आणि ऐकणारी बाई पुढची कित्येक वर्षं स्वतःच्या आयुष्यात तो गुन्हा शोधत बसते.

1 नोव्हेंबर 1755 रोजी पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनला, भूकंप झाला. सर्व संतांचा सण होता, सकाळची वेळ, चर्च प्रार्थनेसाठी भरलेले. छतं कोसळली, पेटलेल्या मेणबत्त्यांनी आगी लागल्या, जीव वाचवायला नदीकाठी धावलेल्यांवर समुद्र चालून आला. हजारोंनी माणसं मेली. त्यानंतर गाब्रिएल मालाग्रिदा या धर्मगुरूंनी 1756 मध्ये एक पुस्तिका काढली. हे शहर नैसर्गिक कारणांनी पडलेलं नाही, तुमच्या पापांनी पडलं आहे, असं त्यांचं म्हणणं. लोक उघड्यावर राहत होते, डोक्यावर छप्पर उभारायच्या खटपटीत होते, आणि धर्मपीठावरून त्यांना आधी पश्चात्ताप करायला सांगितलं जात होतं.

त्याच सुमारास पोर्तुगालच्या सरकारने देशभरच्या चर्चमध्ये एक प्रश्नावली पाठवली. भूकंप किती वेळ चालला? नंतर किती धक्के बसले? समुद्र आधी मागे हटला की पुढे आला? कोणत्या इमारती पडल्या, माणसं किती गेली, आगी कुठे लागल्या? उत्तरं लिहून पाठवली ती गावोगावच्या धर्मगुरूंनीच. भूकंपाच्या शास्त्राची सुरुवात सांगताना आजही त्या उत्तरांचा उल्लेख करावा लागतो. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो, कारण तुमच्याच परंपरेतली ती माणसं होती. शेजारीपाजारी गमावलेले, स्वतःचं चर्च पडलेलं, आणि तरी ती शांतपणे लिहीत बसली की पाणी किती चढलं आणि धक्का किती वेळ होता. यामुळे पुढच्या लोकांचे जीव वाचू शकतात. पापाच्या पुस्तिकेने कुणाचा वाचला असेल, मला सांगता येणार नाही.

माणसाच्या इच्छास्वातंत्र्याचं उत्तर मी ऐकलं आहे आणि त्यात बराच दम आहे असंही मला वाटतं. देवाने माणसाला निवड दिली, म्हणून वाईट निवडही आली. युद्ध, छळ, उपासमार यांचा मोठा वाटा इथे बसतो. निसर्गाचा कोप म्हणतो त्यातही आपला हात किती असतो, पाहा. जानेवारी 2010 मध्ये हैतीत 7.0 तीव्रतेचा भूकंप झाला आणि अंदाज वेगवेगळे असले तरी बहुतेकांच्या मते लाखभर किंवा त्याहून जास्त माणसं मेली. पुढच्याच महिन्यात चिलीत 8.8 चा झाला, कितीतरी पट मोठा, आणि मृत्यू पाचशेच्या आसपास राहिले. मधला फरक बांधकामाच्या नियमांचा, ते पाळले जातात की नाही याचा, आणि गरिबीचा आहे. देवाने का होऊ दिलं, असं विचारताना आपण का होऊ दिलं हा प्रश्न त्यातून निसटू देऊ नये, आणि तो विचारायला तुमच्याइतकी मोठी जागा दुसऱ्या कुणाकडे नाही. पण हे उत्तर माझ्या वॉर्डच्या दारापर्यंत येऊन थांबतं. पेशीतला बिघाड कुणी निवडलेला नसतो.

मग दुसरं उत्तर येतं, दुःख माणसाला घडवतं, देव त्यातून शिकवतो. मोठ्या माणसांकडून मी हे स्वतः ऐकलं आहे. "आजारपणाने मला माणसं ओळखायला शिकवलं," असं एखादा रुग्ण म्हणतो, आणि ते त्याचं खरं असतं. त्याचं ते त्याने म्हणावं. दुसऱ्याच्या दुःखाबद्दल ते म्हणायचा हक्क आपल्याला कुठून आला? आणि शिकायचं वयच नसलेल्यांचं काय? वैद्यकाच्या इतिहासातली एक गोष्ट इथे सांगायला हवी. 1980च्या दशकापर्यंत नवजात बाळांवर कित्येक ठिकाणी पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत. हालचाल थांबवणारं औषध दिलेलं असे, त्यामुळे बाळ निपचित पडून राही. इतक्या लहान जिवाला वेदना कळत नाहीत, कळल्या तरी लक्षात राहत नाहीत, अशी समजूत होती, आणि भूल बाळाला झेपणार नाही ही भीतीही. 1987 मध्ये डॉ. के. जे. एस. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं संशोधन प्रसिद्ध झालं. नीट भूल मिळालेल्या बाळांच्या शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण खूप कमी येतो आणि ती नंतर सावरतातही चांगली, असं त्यात दिसलं. मग पद्धती बदलू लागल्या. त्याआधीच्या त्या बाळांना रडताही येत नव्हतं. त्यांना कोणता धडा मिळाला, हे मला कुणीही पटवून देऊ शकलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर कुणी पटवून दिलेलं मला चालणारही नाही.

सी. एस. लुईस या ख्रिस्ती विचारवंताने 1940 मध्ये वेदनेच्या प्रश्नावर एक पुस्तक लिहिलं, नीट बांधलेलं, एकेक शंका घेऊन सोडवणारं. वीस वर्षांनी त्याची पत्नी कर्करोगाने गेली. 1961 मध्ये त्याने आणखी एक छोटं पुस्तक काढलं, तेही टोपणनावाने. त्यात देवाला विचारलेले सवाल आहेत, संताप आहे, पहिल्या पुस्तकातली उत्तरं पुरी पडत नसल्याची जाणीव आहे. त्याची श्रद्धा गेली नाही. पण ज्या माणसाने हा विषय आयुष्यभर अभ्यासला होता, त्यालाही स्वतःच्या घरात ते युक्तिवाद पुरले नाहीत. मग ज्याने असा विचार कधी केलेलाच नाही, अशा पोळलेल्या माणसाला ते दोन मिनिटांत कसे पुरावेत?

तरीही आपण ते सांगतो. का सांगतो, यावर 1966 चा एक प्रयोग विचार करायला लावतो. मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स या मानसशास्त्रज्ञांनी काही जणांना एक दृश्य दाखवलं. एक तरुणी उत्तर चुकलं की विजेचा धक्का खाते आहे, असं ते दृश्य. धक्के खरे नव्हते, पण पाहणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. तिचा त्रास थांबवणं ज्यांच्या हातात होतं, त्यांचं तिच्याबद्दलचं मत फारसं बिघडलं नाही. ज्यांना सांगितलं गेलं की तिचा त्रास असाच चालू राहणार आहे, त्यांनी तिलाच कमी लेखायला सुरुवात केली. जगात न्याय आहे हा विश्वास टिकवायचा, तर समोरच्याचं दुःख त्याच्या लायकीचंच ठरवणं सोपं जातं. मला वाटतं, पापाचं आणि प्रारब्धाचं कारण सांगताना आपल्या सगळ्यांच्याच मनात हे चालतं. ते कारण आपल्याला धीर देतं की आपल्या घरी असं होणार नाही. दुःखात असलेल्याच्या पदरात त्यातलं काही पडत नाही.

उलट त्याचा त्रास वाढतो. कुष्ठरोगाचं पाहा. 1873 मध्ये हान्सेन या नॉर्वेच्या डॉक्टरांना त्याचा जंतू सापडला. त्याआधी हजारो वर्षं, आणि त्यानंतरही कितीतरी काळ, तो शाप म्हणून, पापाचं फळ म्हणून ओळखला गेला. म्हणून लोक चट्टे लपवत राहिले. लपवल्यामुळे मज्जातंतू निकामी झाले, बधिर बोटांना भाजलेलं कळेना, जखमा चिघळल्या, बोटं गेली. 1980च्या दशकापासून गोळ्यांनी पूर्ण बरा होणारा हा आजार आजही काही जण लपवतात, कारण गोळी आली तरी ती जुनी समजूत घरातून गेलेली नाही. त्या समजुतीनेच किती बोटं खाल्ली असतील.

तुमच्या ग्रंथांनी हे ओळखलेलं आहे, म्हणून मला तुमच्याकडून आशा आहे. बायबलमधल्या ईयोबाच्या ग्रंथात मुलंबाळं, गुरंढोरं, तब्येत, सगळं गेलेल्या माणसाकडे तीन मित्र येतात. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात, एक शब्द बोलत नाहीत. मग बोलायला लागतात आणि देव न्यायी आहे तेव्हा तूच काहीतरी केलं असशील, हे परोपरीने सांगतात. ईयोब मात्र देवाला जाब विचारत राहतो, नको तितकं कडवट बोलतो. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. माझ्याविषयी तुम्ही योग्य बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला, असं तो म्हणतो. देवाचं वकीलपत्र घेऊन उभे राहिलेले दोषी ठरले आणि भांडणारा त्याला जवळचा वाटला. हे मी जेव्हा वाचते तेव्हा धीर येतो. त्याच ग्रंथात ईयोबाला त्याच्या दुःखाचं कारण शेवटपर्यंत सांगितलं जात नाही, हेही विसरू नका.

पैगंबर मुहंमद यांचा लहानगा मुलगा इब्राहीम गेला त्या दिवशी सूर्याला ग्रहण लागलं. मुलाच्या मृत्यूमुळे ते लागलं, असं लोक बोलू लागले. त्यांनी लोकांना स्पष्ट सांगितलं की कुणाच्या मरणाने किंवा जगण्याने सूर्य-चंद्राला ग्रहण लागत नाही. मुलासाठी ते रडले होते. तरी त्या दुःखाला आकाशातला अर्थ चिकटवायला त्यांनी नकार दिला. आणि तुकोबा. 1630च्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला, दिवाळं निघालं. विठोबाशी त्यांच्याइतकं कडकडून भांडलेला भक्त शोधून सापडणार नाही, आणि त्या भांडणाला आपण भक्तीच म्हणतो. मग खाटेशेजारी बसून "कसला देव, कसली दया" म्हणणाऱ्या बापाला आपण "असं बोलू नये" म्हणून गप्प का करतो?

प्रेमळ देव हे का होऊ देतो, याचं उत्तर माझ्याकडे नाही. त्याने हे मुद्दाम पाठवलं, यावर माझा विश्वास नाही. त्याला हे थांबवता येत असूनही तो का थांबवत नाही, हा प्रश्न मी त्याच्यापुढे रोज ठेवते, आणि ठेवता येतो म्हणूनच माझी प्रार्थना अजून चालू आहे. सिसिली सॉन्डर्स यांची मला आठवण होते. त्याही आधी परिचारिका होत्या, मग डॉक्टर झाल्या, आणि मनापासून श्रद्धाळू होत्या. 1967 मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था, सुरू केलं. तोवरची रीत अशी की रुग्ण वेदनेने कळवळला की मॉर्फिन द्यायचं. त्यांनी आग्रह धरला की ठरलेल्या वेळी, वेदना परत येण्याआधीच द्यायचं, म्हणजे माणसाला त्यासाठी याचना करावी लागणार नाही. वेदना फक्त शरीराची नसते, तिच्यात घराची काळजी असते, भीती असते आणि 'हे का' हा प्रश्नही असतो, हे त्यांनी डॉक्टरांना शिकवलं. त्या प्रश्नाला त्यांनी गप्प केलं नाही आणि त्यावर घाईचं उत्तरही दिलं नाही.

तुमच्याकडे माझं मागणं असं आहे. वॉर्डमध्ये याल तेव्हा आधी ड्युटीवरच्या सिस्टरला विचारा की आज त्या मुलाचं कसं आहे. काउंट, म्हणजे रक्तातल्या संसर्गाशी लढणाऱ्या पेशी, कमी असतील तर हात धुऊन, मास्क लावून या, किंवा दारातूनच बोला. आईबापांना विचारा, रात्री झोप लागली का, दुसरं मूल घरी कुणापाशी आहे. ते देवाला शिव्या देत असतील तर देऊ द्या. "का?" असं त्यांनी विचारलं तर "मला माहीत नाही" म्हणा. आणि न विचारताही एक गोष्ट सांगा, अगदी याच शब्दांत: "हे तुमच्यामुळे झालेलं नाही." मी सांगितलं तर ती सिस्टरची समजूत असते. तुम्ही सांगितलं तर त्यांना ते खरं वाटतं. प्रवचनात पूर्वकर्माचा, शिक्षेचा किंवा परीक्षेचा विषय निघेल तेव्हाही समोर अशी माणसं बसलेली असतात, हे धरूनच बोला.

आणि तुमच्या पाठशाळांना, मदरशांना, सेमिनरींना एक सूचना. 1925 मध्ये अँटन बॉयसन या धर्मोपदेशकाने अमेरिकेत धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मनोरुग्णालयात शिकायला नेलं. स्वतः मनोविकारातून गेलेला हा माणूस म्हणायचा की ग्रंथांइतकंच बारकाईने या जिवंत माणसांना वाचायला शिका. पुढे त्यातून एक पूर्ण शिक्षणक्रम उभा राहिला आणि काही देशांत बऱ्याच चर्चमध्ये धर्मगुरू होण्याआधी असं शिक्षण, बहुधा रुग्णालयात, घ्यावं लागतं. आपल्याकडेही प्रत्येक धर्माने हे सुरू करावं. विद्यार्थ्यांनी आमच्याबरोबर पाळी करावी, पाठीतलं पाणी काढताना मुलाचे पाय धरावेत, रात्री तीन वाजता उलटीची भांडी बदलावीत, मग सकाळी दुःखावरचा पाठ शिकावा. कुणी विचारणार असेल तर त्यांना वॉर्डमध्ये काय आणि कसं करायचं हे शिकवायला मी तयार आहे, आणि माझ्यासारख्या पुष्कळ जणी तयार होतील.

आपली नम्र,
लहान मुलांच्या वॉर्डातली एक परिचारिका